धाकटं पातं

चाचांसमोर 'यल्ला' म्हणायची सोय नव्हती. आखातातल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात 'चला, आटपा' अशा अर्थाचा हा अरबी शब्द दिवसातून हजारदा कानावर पडायचा. ट्रकवाले, फोरमन, कॅफेटेरियातली पोरं, सगळेच एकमेकांना यल्ला-यल्ला करत हाकत असायचे. पण चाचांच्या वर्कशॉपात उभा राहून एखादा ड्रायव्हर चुकून म्हणाला, "यल्ला चाचा, जल्दी करो," की चाचा हातातली सांडशी खाली ठेवायचे, थर्मास उघडायचे आणि स्वतःला काळा चहा ओतून घ्यायचे. चहा संपेपर्यंत काम बंद. दुसऱ्यांदा यल्ला म्हटलं की दुसरा कप. एका पंजाबी ड्रायव्हरनं त्यांना लागोपाठ तीन कप प्यायला लावलेलं मी पाहिलं आहे. शेवटी तोच हात जोडून बाकड्यावर बसला आणि चाचांनी शांतपणे त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगची कमान भट्टीत सरकवली.

मी त्यांच्या समोरच्या लॅबमध्ये कामाला होते. धातूंची तपासणी करायची आमची लहानशी कंपनी होती. पाइपांचं वेल्डिंग, बोल्ट, सळ्या असं काय काय यायचं. तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा, ॲसिड लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मिरजेला मेटलर्जीचा डिप्लोमा करताना मुलींमध्ये मी एकटीच होते, इथं लॅबमध्येही एकटीच. नवरा अल ऐनला एका कॉलेजात शिकवायचा. मी अल कुसैसला दोन मल्याळी नर्सांबरोबर फ्लॅटमध्ये राहायची आणि गुरुवारी दुपारी अल ऐनला जायची, शनिवारी पहाटे परत. संसार होता, पण आठवड्यातून दीड दिवसाचा.

एकदा मी लॅबच्या दारात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. समोरून एक उंच, किंचित लंगडत चालणारा म्हातारा रस्ता ओलांडून आला आणि माझं बोलणं संपेपर्यंत उन्हात उभा राहिला. अंगात शर्टाच्या बाह्या कापून केलेलं काहीतरी, भुवया भट्टीच्या धगीनं जळून विरळ झालेल्या.

"घाटावरची काय गो तू?" त्यांनी विचारलं.

"मिरजेची."

"तरीच. बोलतेस की भांडतेस, कळत नव्हतं." मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा काढला. "ह्याच्या पोटात काय हाय, सांगशील?"

तो तुकडा शारजाच्या खाडीवर मोडायला काढलेल्या एका जुन्या गलबताच्या नांगराचा होता. मी तपासून सांगितलं की लोखंड जुन्या पद्धतीचं आहे, अगदी मऊ, कार्बन जवळजवळ नाहीच. ऐकून ते इतके खूश झाले की कमरेतून वाकून त्यांनी मला नमस्कार केला. रत्नागिरीकडचा मुसलमान म्हातारा असा जपान्यासारखा का वाकतो, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं रोज बघितलं. सकाळी भट्टी पेटवताना ते बिस्मिल्ला म्हणायचे आणि मग भट्टीसमोर दोनदा कमरेतून वाकायचे. घण मारायला असलेला पेशावरचा पठाण पहिल्यांदा हे बघून हसला होता म्हणे. नंतर तोही वाकायला लागला.

वर्तमानपत्रं ही त्यांची आणखी एक तऱ्हा. त्यांची बायको गावाहून मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुंभानं बांधून पाठवायची. येणाराजाणारा कुणी असला की त्याच्याबरोबर तो गठ्ठा, कोकमं आणि सुके बोंबील यायचे. चाचा त्यातलं रोज एकच वर्तमानपत्र वाचायचे, तारखेच्या क्रमानं, जाहिरातींसकट. त्यामुळं ते कायम दीड-दोन महिने मागं असत. मी काही ताजी बातमी सांगायला गेले की हात वर करायचे. "सांगू नको गो. माझा अजून मार्च चाललाय."

तरुणपणी चाचा जहाजावर फिटर होते. जपानच्या एका लहानशा बंदरात इंजिनरूमच्या शिडीवरून पडून त्यांचा पाय मोडला. जहाज पुढं गेलं, चाचा मागं राहिले. एजंटानं त्यांना ज्या घरात ठेवलं, त्याच्या शेजारी एका लोहाराचा कारखाना होता. पाय बरा होईपर्यंत चाचा त्याच्या दारात बसून राहायचे. लोहाराला मदतनीस नव्हता. एक दिवस त्यानं न बोलता यांच्या हातात घण दिला. पुढचे आठ महिने चाचांनी घण मारला. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. चुकलं की लोहार मनगटावर चापट मारायचा, बरोबर आलं की काहीच करायचा नाही.

"आठ महिन्यांत किती चापट्या खाल्ल्या?" मी एकदा विचारलं.

"पहिल्या महिन्यात मोजल्या. नंतर हातच चुकायचा बंद झाला."

तो लोहार पोटासाठी विळे आणि सुऱ्या करायचा, पण वर्षातून एकदोनदा सरकारी परवान्यानं तलवारी घडवायचा, त्याही जोडीनं. एक लांब आणि एक आखूड. चाचा त्यांना थोरलं पातं आणि धाकटं पातं म्हणायचे; जपानी नावं त्यांना येत होती, पण कधी उच्चारायचे नाहीत. थोरलं पातं घरात शिरताना काढून ठेवायचं, धाकटं माणसाच्या कमरेला कायम राहायचं. दोन्ही एकाच गोळ्यातून निघायला हवीत, हे चाचांचं म्हणणं. एकाच भट्टीतली, एकाच हातची.

लोखंडाचं सगळं शास्त्र मी शिकले होते, पण त्या पात्याची घडण मला चाचांनी समजावली. कडक पोलाद तापवायचं, जोड नीट बसावा म्हणून टाकणखार टाकायचा, ठोकून लांब करायचं, मधून खाच पाडून घडी घालायची आणि पुन्हा जोडायचं. दहा-बारा घड्या झाल्या की त्याला हजारो पदर येतात. मग मऊ लोखंडाचा गाभा मधे ठेवून भोवती हे पोलाद दुमडायचं.

"तुमची पुरणपोळी बघ," ते म्हणाले. "आत मऊ, बाहेर कडक. आत मऊ नसलं तर पहिल्या घावाला तुटंल. बाहेर कडक नसलं तर धार राहायची नाय."

शेवटी पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेकडं पातळ. पातं तांबूस होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात. पाणी देताना धार पटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होते, आणि सरळ घातलेलं पातं पाण्यातून बाक घेऊन बाहेर येतं. हा बाक माणूस देत नाही, पाणी देतं, असं ते म्हणायचे.

ट्रकच्या कामातून वेळ काढून चाचा स्वतः अशीच एक जोडी घडवत होते, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना वाटायचं की म्हातारा छंदिष्ट आहे. पण या जोडीमागं एक ठराव होता. वर्कशॉपचे मालक, ज्यांना सगळे अरबाब म्हणायचे, अल ऐनला राहायचे. वयानं चाचांच्याच बरोबरीचे. त्यांना बैठकीच्या खोलीत ठेवायला अशी जोडी हवी होती. त्यांनी पोलिसांची परवानगी काढून दिली. तो शिक्क्याचा कागद भट्टीच्या मागच्या भिंतीवर काचेत लावलेला होता. आणि चाचांनी बायकोला शब्द दिला होता, जोडी पुरी झाली की कायमचा घरी येतो.

हे मी यायच्या आधीचं. थोरलं पातं कधीच झालं होतं. अरबाबच्या घरी मी ते पहिल्यांदा पाहिलं. धारेच्या कडेनं ढगासारखी पांढरी रेघ लांबवर गेलेली, पोटावर पदरांच्या लहरी, ओहोटीनंतर पुळणीवर राहतात तशा. त्याच गोळ्यातून चाचांनी धाकट्या पात्यासाठी पाच तुकडे कापून ठेवले होते. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात. एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. मी आले तेव्हा दोन बिघडून गेले होते. तीन शिल्लक होते.

तिसरं पातं त्यांनी मी आल्यावर दुसऱ्या वर्षी घडवलं. शुक्रवारची दुपार होती. त्या आठवड्यात नवऱ्याच्या परीक्षा चालू होत्या म्हणून मी अल ऐनला गेले नव्हते. गल्ली सुट्टीमुळं सामसूम. रंग नीट दिसावा म्हणून चाचांनी शटर खाली ओढलं. पातं पाण्यात गेलं, पाणी ओरडलं, आणि ते बाक घेऊन बाहेर आलं. चाचांनी ते पुसलं, कानाशी धरून नखानं टिचकी मारली. छान लांबलेला आवाज आला. मला हसू फुटलं होतं.

"खोट हाय," चाचा म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी ते ऐरणीवर आडवं ठेवून हातोड्यानं घावावर घाव घालत तोडलं.

तुकडे मी लॅबमध्ये घेऊन गेले. मला बघायचं होतं की ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून आतली खोट कळते, त्याला काय कळलं. दोन दिवस मी ते कापले, घासले, ॲसिड लावलं. पदर एकमेकांत असे बसले होते की जोड शोधावा लागत होता. गाभा मऊ, धार कडक, कुठं राख नाही, चीर नाही. मी धावतच रस्ता ओलांडला.

"चाचा, काहीच खोट नव्हती! एवढं स्वच्छ काम मी आजवर बघितलेलं नाही."

माझी कल्पना होती की त्यांना हळहळ वाटेल, पुढच्या वेळी ते तोडायची घाई करणार नाहीत. त्यांचा चेहरा काळा पडला. ते कमानीचं काम करायला लागले. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चहाच्या वेळी मी गेले की थर्मासचं झाकण लावून टाकायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याचा अहंकार दुखावला. मला काहीच कळलं नव्हतं.

कळलं ते अल ऐनच्या रस्त्यावर. चाचा अधूनमधून गुरुवारी अरबाबकडं हिशेबाच्या वह्या घेऊन जायचे आणि मला गाडीतून सोडायचे. रुसवा मिटल्यावर अशाच एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर अरबाबच्या घरी थांबले. अरबाबनी खजूर आणि कहवा पुढं केला. थोरलं पातं तिथंच, लाकडी घोडीवर एकटं ठेवलेलं होतं. अरबाब आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "बाबा, एक बस है. बहुत अच्छा है. तुम घर जाओ. बीवी देखो. खलास."

"जोडी तो जोडी होती है, अरबाब," चाचा म्हणाले.

"हम बोलता है, बस. तुम बूढा, हम बूढा."

चाचा हसले आणि मान हलवत राहिले. मग आम्ही निघालो. माझं घर दोन सिग्नलवर राहिलं तेव्हा त्यांनी गाडी एका खजुराच्या बागेच्या कुंपणाशी बाजूला घेतली.

"तुला वाटतं, मला घरी जायचं हाय?"

मी त्यांच्याकडं वळून बघितलं.

"तेहतीस वर्षं मी बाहेर हाय. आधी जहाज, मग हे. दोन वर्षांनी दोन महिने घरी. पहिल्या दिवशी सगळं गाव येतं. दुसऱ्या दिवशी बांगडे, मटण, सगळं. तिसऱ्या दिवशी जो तो विचारतो, परत कधी? मुलगा विचारतो, सून विचारते, मशिदीत विचारतात. माझी खुर्ची हाय, माझं ताट हाय, चांगलं ताट, पाहुण्यांचं. मी विहिरीवर गेलो तर सून बादली हातातून घेते. कुठली वस्तू कुठं ठेवलीय, मला ठावं नाय. नातू मला बघून आईच्या मागं लपतो." ते थांबले. "एक ती विचारत नाय. परत कधी, हे तिनं एकदापण विचारलं नाय. ती नुसती विचारते, जोडी झाली काय."

"मग तिच्यासाठी जा ना, चाचा."

"जाऊन तिच्यासमोर पाहुण्यासारखा बसू? रोज? इथं मला माझी ऐरण ठावं हाय, गो."

मी उतरले. घरी नवरा वाट बघत होता. स्वयंपाकघरात गेले तर साखरेचा डबा कुठं ठेवलाय ते मला सापडेना. त्यानं जागा बदलली होती. मी ओट्याशी उभी राहून रडले.

चौथं पातं त्यांनी दीड वर्षानं घडवलं. मी हजर नव्हते. शनिवारी लॅबमध्ये माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेले दोन तुकडे होते. मी तपासले. तिसऱ्यासारखंच, निर्दोष. संध्याकाळी चाचा स्वतः रस्ता ओलांडून आले आणि दारातच उभे राहिले.

"काय निघालं?"

हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला, तो मी कधी विसरणार नाही. माणूस डॉक्टरला विचारतो तसा. मी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "आत राखेची बारीक रेघ आहे. दोन पदरांच्या मधे."

"म्हणजे खोट होती."

"होती."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग दोन कप चहा घेऊन आले, आणि त्या दिवशी त्यांनी मला ताजी बातमीसुद्धा सांगू दिली.

मी दयेपोटी खोटं बोलले, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं ते अर्धंच आहे. चाचा गेले असते तर समोर रस्ता ओलांडून जायला मला जागा उरली नसती. दिवसभर ऑफिसचं इंग्लिश, फ्लॅटमध्ये हिंदी. मराठीत मला 'जेवलीस काय' विचारणारा तो एकच माणूस होता. मला ते जायला नको होते.

वर्कशॉपला फोन नव्हता, म्हणून चाचांनी गावी आमच्या लॅबचा नंबर दिला होता. चौथं पातं तुटल्यावर महिन्याभरानं दुपारी फोन वाजला. चाचा नमाजाला गेलेले. पलीकडं बाईचा आवाज होता, बारीक, दमलेला.

"तुमी त्या लोखंडाची परीक्षा करणाऱ्या बाय ना? ते लिहितात तुमच्याबद्दल."

मी म्हटलं, "हो, भाभी. चाचा आत्ता आले की—"

"नको, त्यांना नको. तुमालाच विचारायचं होतं. ते मला खरं सांगणार नायत." थोडा वेळ नुसता खोकला ऐकू आला. "त्या धाकट्या पात्यात खरंच खोट असते?"

मला आजही ते टेबल दिसतं. हातातलं पेन, पुढ्यातलं रजिस्टर. खरं सांगितलं असतं तर मी त्यांना काय सांगितलं असतं? तुमचा नवरा चांगली पाती मोडतो आहे, म्हणून?

"हो, भाभी," मी म्हणाले. "फार अवघड काम आहे. आत बारीक रेघ राहून जाते."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ठीक हाय. मला वाटलं..." आणि काय वाटलं ते सांगितलं नाही. फोन केल्याचं त्यांना सांगू नका, एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी सकाळी पुन्हा फोन आला. चाचांचा मुलगा होता. "अम्मी गेली. पहाटे. अब्बांना सांगा, असरच्या नमाजाआधी दफन करणार. वाट बघता येणार नाय."

तो रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला, सांगता येत नाही. चाचा ट्रकची कमान ठोकत होते, पठाण घण मारत होता. मी दारात उभी राहिले. चाचांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला आणि मान खाली घातली. पठाण थांबला, तर त्याला खूण केली, मार. ती कमान पुरी होईपर्यंत दोघं ठोकत राहिले. मग चाचांनी ती पाण्यात बुडवली, बाजूला ठेवली, हात धुतले, बाह्या नसलेल्या त्या शर्टाला पुसले.

"कोण?"

"भाभी."

"केव्हा?"

"पहाटे. दुपारी दफन आहे."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पासपोर्ट अरबाबकडं अल ऐनला होता, विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं असतं. अरबाबनी नंतर स्वतः गाडी पाठवली, पासपोर्ट आणि तिकीट दोन्ही पाठवलं. चाचांनी तिकीट परत केलं. "आता कुणाकडं जाऊ?" एवढंच म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी गावचा एक जण आला आणि त्यानं गठ्ठा दिला. आजारी असताना भाभींनीच बांधून ठेवलेला. सुंभाच्या गाठी सैल होत्या, हातात जोर नसताना मारलेल्या. चाचांनी बरेच दिवस तो सोडलाच नाही. मग एक दिवस सोडला आणि पूर्वीसारखं रोज एक वर्तमानपत्र वाचायला लागले. शेवटच्या शेवटच्या दिवसांत एकेका पानाला दोन-दोन दिवस लावत होते. गठ्ठा संपला तेव्हा त्यांनी सुंभ गुंडाळून खिशात ठेवला आणि बिस्किटांच्या डब्यातला शेवटचा तुकडा बाहेर काढला.

"शुक्रवारी ये," मला म्हणाले.

मी अल ऐनला गेले नाही. पठाणानं घण मारला, चाचांनी पातं ओढलं, कानशीनं आकार दिला, मातीचा लेप लावला. हे सगळं आठवडाभर चाललं होतं; शुक्रवारी फक्त पाणी द्यायचं होतं. शटर खाली. कोळशाच्या उजेडात चाचांचा चेहरा तेवढा दिसत होता. पातं ते भट्टीत पुढंमागं सरकवत होते, पुन्हा पुन्हा बाहेर काढून बघत होते. मी त्यांचे हात बघत होते. पातं पाण्यात गेलं. पाण्याच्या ओरडण्यात मधेच एक बारीक आवाज आला, टिक. नख मोडल्यासारखा.

पठाणानं 'या अल्ला' म्हटलं. चाचांनी पातं बाहेर काढलं, पुसलं, शटर अर्धं वर करून उजेडात धरलं. बाक सुरेख आला होता. आणि पाठीजवळ, मुठीपासून चार बोटांवर, केसासारखी एक चीर होती. ती बघायला मायक्रोस्कोप लागत नव्हता.

"खोट हाय," चाचा म्हणाले.

हातोडा ऐरणीवर पडलेला होता. त्यांनी तिकडं बघितलं. मीही बघितलं. नंतर त्यांनी ते पातं फडक्यात गुंडाळलं, लहान मुलाला गुंडाळावं तसं.

"राहू दे," ते म्हणाले.

दोन महिने दगडावर घासून त्यांनी त्याला चमक आणली आणि अरबाबना नेऊन दिलं. चीर त्यांनी स्वतःच बोट ठेवून दाखवली. अरबाबनी चष्मा लावून बघितलं आणि जोडी घोडीवर ठेवली. महिनाअखेरीला, बायकोला दिलेल्या शब्दाप्रमाणे, चाचा कायमचे गावी निघाले. मी विमानतळावर गेले होते. मला सगळं सांगायचं होतं, पण पठाण रडायला लागला, सामानाची गडबड झाली, आणि चाचा आत गेले.

दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा मी वाट विचारत त्यांच्या गावी गेले. तोवर मी लॅब सोडून अल ऐनला नवऱ्याकडं राहायला गेले होते. चाचा पडवीत बसले होते, भुवया पुन्हा उगवलेल्या, त्यामुळं अनोळखी दिसत होते. सुनेनं घावन केले. असर झाल्यावर ते उठले. रोज या वेळी ते कबरस्तानात जातात, सून म्हणाली. मी त्यांच्याबरोबर निघाले. पाखाडीच्या पायऱ्या चढताना मी एकदाची बोलले.

"चाचा, चौथ्या पात्यात खोट नव्हती. मी खोटं सांगितलं."

"मला ठावं हाय," ते न थांबता म्हणाले. "मीच घडवलं होतं ना."

"मी भाभींनाही तेच सांगितलं. त्यांनी फोन करून विचारलं होतं."

आता ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ते आता मला परत जायला सांगतील.

"तिनं विचारलं?"

"हो. तुमच्या पात्यात खरंच खोट असते का, म्हणून."

"आणि तू म्हणालीस, असते."

"हो."

खाली कुणीतरी गुरांना हाक मारत होतं. मग ते चालायला लागले. कबरस्तानाला जांभ्या दगडाची कमरेएवढी भिंत होती. मी बाहेर थांबले, ते आत गेले, काजूच्या झाडाखालच्या कबरीशी उभे राहून त्यांनी फातिहा म्हटला.

"ती परीक्षा करणारी बाय आलीय," ते कबरीला म्हणाले आणि मग तिच्याकडं बोट करून माझ्याकडं वळले. "सांग तिला. मला तोंड नाय."

मी भिंतीवर हात ठेवले. दगड अजून उन्हानं तापलेला होता.

"भाभी," मी म्हणाले, "पातं चांगलं होतं. खोट नव्हती. ते तेव्हाच यायला हवे होते."

चाचा पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं ते भिंतीपाशी आले, मी हात पुढं केला, आणि तो धरून ते पायरी उतरले.